विद्यार्थ्यांनी घडवलेली होडी

समुद्रातील बचावकार्य, किनाऱ्यावरची गस्त, पूरग्रस्तांची सुटका अशा कामांसाठी आज जगभर एका विशिष्ट प्रकारची होडी वापरतात. तिचा तळ टणक आणि पाचरीच्या आकाराचा असतो; कडेने हवा भरलेली जाड रबरी नळी असते. या रचनेच्या विकासाचा एक महत्त्वाचा टप्पा पार पडला तो एका माध्यमिक शाळेत. आणि त्यात हात होता निरनिराळ्या देशांतून आलेल्या सोळा ते एकोणीस वर्षांच्या मुलांचा.

या शाळेमागची कल्पना कुर्ट हान (१८८६–१९७४) या जर्मन शिक्षणतज्ज्ञाची. १९२० साली त्यांनी जर्मनीत सालेम येथे शाळा सुरू केली. ज्यू कुटुंबात जन्मलेल्या हान यांनी नाझींना उघड विरोध केला, तेव्हा १९३३ साली त्यांना अटक झाली. सुटका झाल्यावर ते ब्रिटनला गेले आणि १९३४ साली त्यांनी स्कॉटलंडमध्ये गॉर्डन्स्टन ही शाळा काढली. शरीर, मन आणि समाजाबद्दलची जबाबदारी यांचे शिक्षण एकत्रच व्हावे, असा त्यांचा आग्रह होता.

१९५५ साली हान पॅरिसमधील नाटो संरक्षण महाविद्यालयात गेले. दहा वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध लढलेल्या देशांचे अधिकारी तेथे एकत्र शिकत होते. प्रौढ माणसांना हे जमते, तर शाळेतल्या मुलांना का जमू नये? या विचारातून १९६२ साली वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, सेंट डोनॅट्स या जुन्या किल्ल्यात, अटलांटिक कॉलेज सुरू झाले. नाव कॉलेजचे असले तरी हे शिक्षण विद्यापीठात जाण्यापूर्वीच्या दोन वर्षांचे, म्हणजे साधारण आपल्या अकरावी-बारावीचे. प्रारंभी तेथे फक्त मुलगे होते; १९६७ पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला. डेस्मंड होर हे ब्रिटिश आरमारातील निवृत्त रिअर ॲडमिरल पहिले मुख्याध्यापक झाले.

भिन्न देशांतील मुले एका छताखाली राहिली म्हणजे आपोआप मैत्री होते असे नाही. त्यांच्यापुढे एखादे खरे काम असावे लागते. हान यांच्या मते दुसऱ्याचा जीव वाचवणे हे त्यातले सर्वांत मोठे काम. किल्ल्याच्या पायथ्याशी ब्रिस्टलची खाडी होती. भरती-ओहोटीतील फरकाच्या बाबतीत ही खाडी जगात अगदी वरच्या क्रमांकावर आहे. तिच्या आतल्या भागात उधाणाच्या वेळी हा फरक सुमारे १४ मीटरपर्यंत जातो. मुंबईला तो साधारण ५ मीटर असतो. एवढे पाणी आत-बाहेर करताना प्रवाह जोरदार होतात आणि पोहणारे, होडीवाले संकटात सापडतात. १९६३ साली रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन या स्वयंसेवी संस्थेचे बचाव केंद्र शाळेतच सुरू झाले. विद्यार्थी त्याच्या पथकात काम करू लागले. हा सराव नव्हता. हाक आली की खरोखरच समुद्रात जावे लागे.

इथूनच विज्ञानाचा धडा सुरू होतो. त्या वेळच्या फुगवायच्या होड्यांचा तळ कापडी असे. गोटेरी किनाऱ्यावरून ओढताना तो झिजे, फाटे. शिवाय लवचीक तळ लाटेबरोबर वाकत असल्याने वेग वाढवला की होडी आवरत नसे. होर आणि विद्यार्थ्यांनी कापडाऐवजी प्लायवुडचा तळ बसवून पाहिला. बसवायचे, समुद्रात न्यायचे, मोडले की कारण शोधायचे आणि पुन्हा बांधायचे, असा क्रम काही वर्षे चालला. एकामागून एक नमुने तयार झाले.

या जोडणीने काय साधले? पाचरीसारखा टणक तळ लाट कापतो आणि इंजिनाचा जोर वाया जाऊ देत नाही. वेगात असताना होडी वर उचलली जाते आणि कडेच्या नळ्या बव्हंशी पाण्याबाहेर राहतात. होडी एका बाजूला कलली की त्या बाजूची नळी पाण्यात दबते आणि तिला वर ढकलते. वर्गात हा हिशेब करून घेता येईल. समजा, नळीचा व्यास अर्धा मीटर आणि लांबी ६ मीटर आहे. तिचे घनफळ सुमारे १.१८ घनमीटर भरते. ती पूर्ण बुडाली तर आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार सुमारे १,२०० किलोग्रॅम समुद्राच्या पाण्याइतके उत्प्लावक बल मिळते. म्हणूनच होडीत पाणी शिरले तरी ती तरंगत राहते.

१९६९ साली होर यांनी या रचनेचे पेटंट घेतले. पुढे त्यांनी ते बचाव संस्थेला अवघ्या एका पौंडात देऊन टाकले. १९७२ पासून संस्थेने २१ फूट लांबीची बचाव होडी वापरात आणली आणि शाळेवरून तिला ‘अटलांटिक २१’ हे नाव दिले. पेटंटवर नाव मुख्याध्यापकांचे. लाटांत नमुने तपासणाऱ्या, तळ पुन्हा पुन्हा जोडणाऱ्या मुलांची नावे मात्र फारशी कोणाला ठाऊक नाहीत. शोधांच्या इतिहासात असे अनेकदा घडते.

अभ्यासक्रमाचा प्रश्नही याच शाळेपुढे उभा राहिला. निरनिराळ्या देशांतल्या मुलांनी एकाच देशाची परीक्षा का द्यावी? १९६८ साली जिनिव्हात इंटरनॅशनल बॅकलॉरिएट संस्था स्थापन झाली आणि १९७१ साली अटलांटिक कॉलेजने ब्रिटिश ‘ए लेव्हल’ सोडून तिचा अभ्यासक्रम स्वीकारला. सहा विषयांबरोबर कला, शारीरिक उपक्रम आणि सेवा यांना त्यात आवश्यक स्थान मिळाले. पुढे युनायटेड वर्ल्ड कॉलेज या नावाने अशा शाळा अनेक देशांत निघाल्या. १९९७ साली पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातही एक सुरू झाली.

शाळेतले बचाव केंद्र २०१३ साली बंद झाले. तोवर जवळच्या पेनार्थ व पोर्थकॉल केंद्रांवर ‘अटलांटिक ८५’ या अधिक वेगवान होड्या आल्या होत्या. मुलांनी घडवलेल्या होडीच्याच या पुढच्या पिढ्या!

निवासी शाळा, किल्ला, समुद्र हे सारे आपल्याकडे कोठून येणार, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण हातांच्या कामातून शिक्षण हा विचार आपल्याला परका नाही. १९३७ साली वर्ध्यातच नई तालीमची मांडणी झाली आणि कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली. पुढे अनेक शाळांत तो कागदी फुले आणि मेणबत्त्यांपुरता उरला. सेंट डोनॅट्सच्या मुलांना मिळालेल्या गोष्टी तीन होत्या: कोणाची तरी खरी गरज, पुन्हा पुन्हा करून पाहण्याची मोकळीक आणि आपल्यावर विश्वास टाकणारे शिक्षक. गावची विहीर, ओढा किंवा शाळेची गळकी टाकी यांच्याभोवतीही या तिन्ही गोष्टी जमवता येतील. त्यासाठी समुद्र लागत नाही.