विलीन न झालेला क्लब

ऑक्टोबर १९८९ च्या पहिल्या आठवड्यात मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या लोकांना बातम्यांमधून कळलं की त्यांचा क्लब आता राहणार नाही. फूटस्क्रे फुटबॉल क्लब कर्जात बुडाला होता. शहराच्या दुसऱ्या बाजूचा फिट्झरॉय हा तितकाच कंगाल क्लब. दोघांना एकत्र करून 'फिट्झरॉय बुलडॉग्ज' नावाचा एकच संघ उतरवायचा, असं लीगने आणि फूटस्क्रेच्या संचालक मंडळाने ठरवून टाकलं होतं. वर्गणी भरणाऱ्या सभासदांना कोणी विचारलं नव्हतं.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. 'मर्ज' हा शब्द आमच्याकडे दिवसातून दहा वेळा येतो. पण दोघांच्या कोडमध्ये भांडण लागलं तर कोणाची ओळ ठेवायची हे तिथे निदान विचारलं तरी जातं. इथे नाव एकाचं, टोपणनाव दुसऱ्याचं, आणि 'फूटस्क्रे' हा शब्द थेट डिलीट.

पुढे जाण्याआधी खेळाबद्दल थोडं. ऑस्ट्रेलियन रूल्स म्हणजे आपला फुटबॉलही नव्हे आणि रग्बीही नव्हे. मैदान क्रिकेटसारखं अंडाकृती, चेंडूही अंडाकृती, एका बाजूला अठरा खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून लाथेने चेंडू गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर एक गुण. मेलबर्नमध्ये हा खेळ १८५० च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आला आणि क्लब निघाले ते उपनगरांच्या नावाने. त्यामुळे तुम्ही कुठल्या क्लबचे हे सांगितलं की तुमचं घर, तुमच्या बापाचा धंदा आणि बऱ्याचदा तुमचा धर्मही समोरच्याला कळायचा.

फूटस्क्रे मॅरिबिर्नाँग नदीच्या पलीकडे, पश्चिमेला. दारूगोळ्याचा कारखाना, मांसाचे कारखाने, दोरखंडाची गिरणी, काळ्या दगडाच्या खाणी. शहराला लागणारी आणि शहराला नको असलेली कामं इथे व्हायची. क्लब आधी व्हीएफए या जुन्या स्पर्धेत खेळायचा आणि तिथे तो दणकट होता. १९२४ मध्ये व्हीएफएचा विजेता म्हणून त्याने मोठ्या लीगच्या विजेत्या एसेंडनला एका मदतनिधीच्या सामन्यात हरवलं. पुढच्या वर्षी, १९२५ ला, मोठ्या लीगने त्याला आत घेतलं. आत गेल्यावर मात्र पहिलं विजेतेपद मिळायला १९५४ उजाडलं. ग्रँड फायनलमध्ये मेलबर्न क्लबला ५१ गुणांनी हरवलं, चार्ली सटन कर्णधारही होता आणि प्रशिक्षकही, आणि एकट्या जॅक कॉलिन्सने सात गोल मारले.

बस. त्यानंतर १९६१ मध्ये एकदा अंतिम सामना गाठला, हॉथॉर्नकडून हरले. मग अंतिम सामनाच नाही.

टेड व्हिटन या माणसाने हा दुष्काळ जवळजवळ पूर्ण पाहिला. १९५४ च्या संघात तो तरुण खेळाडू होता, १९६१ ला कर्णधार-प्रशिक्षक, आणि १९७० ला निवृत्त झाला तेव्हा ३२१ सामने खेळून. त्याच्या तोडीचा खेळाडू कुठल्याही श्रीमंत क्लबला हवा असणार. तो गेला नाही. १९९५ च्या जूनमध्ये कर्करोगाने दृष्टी गेलेली असताना, उघड्या गाडीतून, मुलाच्या आधाराने त्याने एमसीजीला एक फेरी मारली. सगळ्या क्लबांचे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि तो दिसत नसलेल्या गर्दीकडे हात हलवत होता. यूट्यूबवर आहे, बघा. दोन महिन्यांनी तो गेला आणि फूटस्क्रेच्या मैदानाला, वेस्टर्न ओव्हलला, त्याचं नाव दिलं गेलं.

पण मी १९८९ बद्दल सांगत होतो. पीटर गॉर्डन नावाचा पश्चिमेतच वाढलेला एक तरुण वकील होता. विटनूमच्या खाणीत अॅस्बेस्टॉसने फुफ्फुसं गमावलेल्या कामगारांचे खटले त्याच्या फर्मने नुकतेच लढवले होते. म्हणजे मोठ्या संस्थेसमोर लहान माणसाला उभं करायची सवय होती. क्लबसाठी कोर्टात जायचं तर कोणीतरी सभासद वादी हवा. आयरीन चॅटफिल्ड नावाच्या एका साध्या समर्थक बाईने आपलं नाव दिलं. खटला हरला असता तर खर्च तिच्या अंगावर आला असता. व्हिक्टोरियाच्या सुप्रीम कोर्टात मुद्दा भावनेचा नव्हताच. क्लब सभासदांचा आहे, त्यांना न विचारता तो संपवता येतो का, एवढाच प्रश्न होता. कोर्टाकडून तीन आठवड्यांची मुदत मिळाली. तेवढ्यात पैसे उभे करून दाखवा.

मग लोक डबे घेऊन बाहेर पडले. वेस्टर्न ओव्हलवर हजारोंची सभा झाली. चौकात सिग्नलला, स्टेशनबाहेर, दारोदार. वर्षानुवर्षं तळाशी रेंगाळणाऱ्या संघासाठी, बेकारी असलेल्या वस्तीत, नाण्यांनी दहा लाखांहून जास्त डॉलरचं भगदाड बुजवायचं होतं. आणि त्यांनी ते बुजवलं. विलीनीकरण रद्द झालं, गॉर्डन अध्यक्ष झाला.

माझ्या ऑफिसात पन्नाशीकडे झुकलेला एक सहकारी आहे, तो तेव्हा शाळेत होता. त्याचे वडील त्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. तो सांगतो की घरी त्या आठवड्यांत विजेतेपदाबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही. "आम्ही जिंकू असं कोणाला वाटतच नव्हतं. पण हरायचं तर आमच्या नावाने हरू." मेलबर्नमध्ये नव्या माणसाला नाव विचारून झालं की दुसरा प्रश्न येतो, तू कुठल्या टीमचा? मी टार्निटला राहतो, पश्चिमेच्या त्या नव्या वस्तीत जिथे रविवारी वाण्याच्या दुकानात मराठी ऐकू येते. टार्निटचा म्हणजे बुलडॉग्जचाच, असं त्यानेच परस्पर ठरवून टाकलं. वर म्हणाला, "सॉरी."

त्याला मी आमच्या पुण्याची गोष्ट सांगितली. २०११ मध्ये आम्हाला आयपीएलची पुणे वॉरियर्स मिळाली, २०१३ ला संपली. २०१६ ला सुपरजायंट आली. २०१७ चा अंतिम सामना एका धावेने हरलो, आणि ती टीमही दोन वर्षांचा करार संपला म्हणून गेली. कोणी डबा घेऊन फर्ग्युसन रोडवर उभं राहिलं नाही. राहून उपयोगही नव्हता. आपण प्रेक्षक होतो, जर्सीचे गिऱ्हाईक होतो. कोर्टात जाऊन 'हे माझं आहे' म्हणायला आपल्याकडे कागद नव्हता. निष्ठा कमी पडली म्हणून पुण्याची टीम गेली असं मला वाटत नाही. निष्ठेला पकडायला दांडाच नव्हता. मेलबर्नच्या क्लबांना मालक नसतो, सभासद असतात. वर्षाची वर्गणी भरणारा माणूस तिकिटाबरोबर मतही विकत घेतो. पुढे १९९६ मध्ये मेलबर्न आणि हॉथॉर्न यांना एकत्र करायची टूम निघाली तेव्हा सभासदांचं मतदान घ्यावंच लागलं. मेलबर्नच्या लोकांनी हो म्हटलं, हॉथॉर्नच्या लोकांनी नाही. विषय संपला.

आता फिट्झरॉयचं ऐका, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट फार गोड होईल. १८८३ मध्ये स्थापन झालेला, आठ विजेतेपदं मिळवलेला, म्हणजे फूटस्क्रेपेक्षा कितीतरी मोठा इतिहास असलेला हा क्लब १९८९ नंतर खुरडत राहिला. स्वतःचं मैदान केव्हाच सुटलं होतं. १९९४ पासून तो घरचे सामने कुठे खेळायचा? फूटस्क्रेच्या वेस्टर्न ओव्हलवर. ज्या क्लबला पोटात घ्यायचं ठरलं होतं त्याच्याच अंगणात भाडेकरू. १९९६ मध्ये अख्ख्या हंगामात एक सामना जिंकून, १ सप्टेंबरला पर्थमध्ये शेवटचा सामना ८६ गुणांनी हरून, फिट्झरॉय लीगमधून संपला आणि ब्रिस्बेनच्या संघात विलीन झाला. त्याच्या समर्थकांनी काय कमी केलं होतं? डबे त्यांनीही फिरवले होते. फूटस्क्रेच्या पाठीशी एक अख्खी वस्ती उरली होती. फिट्झरॉय उपनगर तोवर महागडं होत चाललं होतं, जुने कामगार दूर विखुरले होते. निष्ठा पुरेशी असते असं म्हणणाऱ्यांनी हा हंगाम वाचावा.

आणि फूटस्क्रेने वाचवलेलं नाव? १९९६ च्या अखेरीस, गॉर्डन पायउतार झाल्यावर, नव्या मंडळाने ते स्वतःच बदललं. क्लब 'वेस्टर्न बुलडॉग्ज' झाला, गाण्यातलं फूटस्क्रेही गेलं. १९९७ नंतर मुख्य लीगचे सामनेही व्हिटन ओव्हलवरून हलले. लोकांनी ज्याच्यासाठी नाणी जमवली ते सात वर्षांत काढून टाकलं, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा फसवणूक वाटली. माझा सहकारी अजूनही वेस्टर्न म्हणत नाही. पण तो गेलाही नाही. कार्यालय आणि सराव त्याच मैदानावर राहिला, वर्गणी त्याच खिडकीवर भरायची होती, आणि पश्चिम मेलबर्न फूटस्क्रेच्या कितीतरी बाहेर पसरलं होतं, आमच्या टार्निटपर्यंत. नाव बदलणं मला आजही पटत नाही; पण ते घरातल्यांनी बदललं आणि १९८९ ला बाहेरचे पुसत होते, हा फरक त्याला कळतो आणि आता मलाही.

नवीन नावाचं पहिलंच वर्ष, १९९७. प्रिलिमिनरी फायनल, म्हणजे आपल्या भाषेत सेमीफायनल, अॅडलेडविरुद्ध. शेवटच्या क्वार्टरला सुरुवात झाली तेव्हा बुलडॉग्ज वीसहून अधिक गुणांनी पुढे. शेवटी शेवटी टोनी लिबरातोरेने चेंडू मारला आणि गोल झाला समजून हात वर करून पळत सुटला. पंचाने एकच गुण दिला. बुलडॉग्ज दोन गुणांनी हरले. हे त्यांच्या बाबतीत अपवाद नव्हतं: १९८५ ते २०१० मध्ये हा क्लब सात वेळा याच टप्प्यावर हरला. तळाला राहणाऱ्या संघाबरोबर जगणं त्यामानाने सोपं असतं. दारापर्यंत नेऊन परत पाठवणाऱ्या संघाबरोबर जगायला वेगळी कातडी लागते.

२०१४ च्या अखेरीस तर कर्णधाराने दुसऱ्या क्लबात जायचं म्हटलं आणि प्रशिक्षकाने राजीनामा दिला. गॉर्डन तोवर पुन्हा अध्यक्ष झाला होता. ल्यूक बेव्हरिज हा प्रशिक्षक आला. २०१६ च्या हंगामात तिसऱ्याच फेरीत नवा कर्णधार बॉब मर्फी, २००० पासून याच क्लबसाठी खेळणारा, गुडघा मोडून घरी बसला. संघ कसाबसा सातवा आला. सातव्या क्रमांकावरून तोवर कोणीही जिंकलं नव्हतं. मग पर्थला जाऊन वेस्ट कोस्टला ४७ गुणांनी हरवलं. आधीची तीन वर्षं सलग विजेता असलेल्या हॉथॉर्नला हरवलं. सेमीफायनल सिडनीत, ग्रेटर वेस्टर्न सिडनीविरुद्ध; लीगने नवी बाजारपेठ म्हणून २०१२ मध्ये उतरवलेला हा क्लब. लाल-पांढरे-निळे मफलर खिडकीतून फडकवत लोक ह्यूम हायवेने गाड्या हाकत गेले. सहा गुणांनी जिंकले.

१ ऑक्टोबर २०१६, एमसीजी, ९९,९८१ प्रेक्षक. समोर सिडनी स्वॉन्स, म्हणजे मूळचा साउथ मेलबर्न, पैशांअभावी १९८२ मध्ये सिडनीला हलवलेला क्लब. एक क्लब गेलेला, एक राहिलेला. (साउथच्या जुन्या लोकांवर अन्याय नको: २००५ मध्ये सिडनीने त्यांचा ७२ वर्षांचा दुष्काळ संपवला तेव्हा त्यांच्यापैकी पुष्कळ जण रडले होते. दूर गेलेलं पोरही आपलंच असतं.) शेवटच्या काही मिनिटांत टॉम बॉयडने खूप लांबून मारलेला चेंडू टप्पे घेत खांबांमधून गेला आणि ८९-६७ असा निकाल लागला. बासष्ट वर्षं. त्या संघात टॉम लिबरातोरे होता, त्या हात वर करून पळालेल्या टोनीचा मुलगा. बेव्हरिजने स्टेजवर मर्फीला बोलावलं, आपल्या गळ्यातलं पदक काढून त्याच्या गळ्यात घातलं. त्या क्षणी मर्फीच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा अवघडलेपण जास्त आहे. मला तो चेहरा आवडतो.

पुढच्याच वर्षी संघ बाद फेरीतही पोहोचला नाही. २०२१ मध्ये पुन्हा अंतिम सामना गाठला, तिसऱ्या क्वार्टरमध्ये पुढे होते, आणि मेलबर्नकडून ७४ गुणांनी हरले. त्या मेलबर्नचा स्वतःचा दुष्काळ ५७ वर्षांचा होता. माझा सहकारी म्हणतो, कोणाकडून हरायचंच असेल तर ठीक आहे.

फूटस्क्रे हे नाव मात्र परत आलंय. २०१४ पासून क्लबचा दुसऱ्या फळीचा संघ राज्याच्या लीगमध्ये 'फूटस्क्रे' म्हणून खेळतो, व्हिटन ओव्हलवरच, आणि पहिल्याच वर्षी त्याने विजेतेपद घेतलं. आमची टार्निटची गाडी सकाळी त्या मैदानाजवळून न थांबता जाते. तिकडे फिट्झरॉयचा सिंह छातीवर घेऊन ब्रिस्बेन २००१ पासून तीन, आणि अलीकडे २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं जिंकलंय. आणि फिट्झरॉय नावाचा एक क्लब २००९ पासून हौशी लीगमध्ये खेळतो, शनिवारी दुपारी, ब्रन्स्विक स्ट्रीटच्या त्याच जुन्या ओव्हलवर. कुंपणाला टेकून उभं राहता येतं, कुत्री आत येतात, आणि म्हातारे लोक जुनेच मफलर घालून येतात.