२१० तास

तास उलटे मोजले आहेत. शून्य म्हणजे मंगळवारची पहाट, पाच वाजता.

२१० तास आधी. रविवार, सकाळी ११

तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी पावडर ब्लू टँग आला. निळं अंग, पाठीवर पिवळा पट्टा, काळा चेहरा आणि हनुवटीखाली पांढरा डाग. हा हिंदी महासागराचा मासा. रायपूरला समुद्र नाही. विशाखापट्टणम गाठायचं तर रेल्वेने पाचशेहून जास्त किलोमीटर. इथे समुद्र घरीच करावा लागतो. अडीचशे लिटर आरओच्या पाण्यात पावणेनऊ किलो मीठ. प्रवाळ पाळणं कायद्याने बंद आहे, म्हणून टाकीत सुके दगड रचलेले. त्यात क्लाउनफिशची सहा वर्षं जुनी जोडी, एक डॅमसेल आणि एक क्लीनर कोळंबी.

पिशवी टाकीत तरंगत ठेवली, तासभर थेंबथेंब पाणी मिसळलं, पिशवीतलं पाणी टाकीत पडू दिलं नाही. एवढं केलं म्हणजे काळजी घेतली, असं मला मनापासून वाटलं.

साठ लिटरची क्वारंटाइनची टाकी माळ्यावर होती. तिच्यात वाळू नाही, दगड नाही. स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, एवढंच. नवीन मासा तिच्यात तीस दिवस ठेवायचा, हा नियम मीच दुसऱ्यांना सांगत असे. पण गुरुवारी गणपती बसणार होते, घर पाहुण्यांनी भरणार होतं. मासा अंगाने स्वच्छ होता, सोडल्या सोडल्या खायला लागला. आईने विचारलं, “याला वेगळं नाही ठेवायचं का रे?” मी म्हटलं, “चांगला दिसतोय गं.”

१८६ तास आधी. सोमवार, सकाळी ११

क्लाउनफिशच्या मादीने दगडाच्या सपाट बाजूवर अंडी घातली. शेंदरी दाण्यांचा हातभर नव्हे, जेमतेम दोन बोटं रुंद ठिपका. नर लगेच कामाला लागला. छातीचे पर हलवून अंड्यांना वारा घालायचा, एखादं पांढरं पडलेलं अंडं तोंडाने उचलून काढायचं, परत वारा. अंडी सात-आठ दिवसांत फुटतात, तीही दिवा मालवल्यावर, अंधारात.

त्याच रात्री केव्हातरी टँगच्या कल्ल्यांतून काही कण सुटून तळाला गेले असणार. मला ते दिसणं शक्यच नव्हतं. या परजीवीचं नाव अमायलूडिनियम, माशांच्या बाजारात वेल्वेट. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या मत्स्यालयातल्या माशांवर ई. एम. ब्राउन यांनी १९३१ मध्ये याचं पहिलं वर्णन केलं. आधी तो माशाच्या कल्ल्यांत मुळं रोवून पोसतो. मग गळून तळाशी जातो, कवच धरतो आणि आतल्या आत दुभंगत राहतो. एकाचे दोन, दोनाचे चार, असं करत २५६ पर्यंत. साधारण तीन ते पाच दिवसांत ती पोहणारी पिल्लावळ बाहेर पडून मासा शोधू लागते. खुल्या समुद्रात बहुतेकांना मासा सापडत नाही. चार फुटांच्या काचेत सगळ्यांना सापडतो.

११४ तास आधी. गुरुवार, सकाळी ११

प्राणप्रतिष्ठा झाली. मुलं टाकीला नाक लावून उभी. टँगने एकदा दगडाला अंग घासलं. मी पाहिलं आणि आरतीचं ताट उचललं. या क्षणीही त्याला बाहेर काढून साठ लिटरच्या टाकीत ठेवता आलं असतं.

५८ तास आधी. शनिवार, संध्याकाळी ७

टँग आणि डॅमसेल वेव्हमेकरच्या तोंडासमोर, प्रवाहाकडे तोंड करून एका जागी. भाची म्हणाली, “मामा, ते खेळतायत.” मीही तसंच समजलो. मासा दमला की वाहत्या पाण्यापुढे जाऊन उभा राहतो, कारण कल्ले निकामी होऊ लागलेले असतात आणि तिथे प्राणवायू जास्त मिळतो. हे मला ठाऊक होतं. तरी त्या संध्याकाळी ते आठवलं नाही.

३० तास आधी. रविवार, रात्री ११

कुणी खाल्लं नाही. घड्याळ लावून डॅमसेलचा श्वास मोजला. मिनिटाला शंभराच्या वर. खोलीतले दिवे बंद करून टॉर्च बाजूने, तिरपा धरला. टँगच्या निळ्या अंगावर बारीक सोनेरी धूळ होती, दळलेल्या हळदीसारखी.

२७ तास आधी. सोमवार, पहाटे २

माळ्यावरची टाकी खाली उतरवली. मीठ कालवलं, तापमान जुळवलं. तिघांना पाच-पाच मिनिटं गोड्या पाण्याची बुडी दिली, त्याने अंगावरचे काही कण फुटून गळतात. मग तांब्याचं औषध, लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम मिळावं असं मोजून. तांबं मोठ्या टाकीत घालता येत नाही. कोळंबी मरते, दगड ते शोषून बसतात. शिवाय तांबं मारतं ती पाण्यात पोहणारी पिल्लावळ. कल्ल्यात आधीच रुतलेल्याला ते काही करत नाही. हेच औषध आठ दिवसांपूर्वी, याच टाकीत, एकट्या टँगला मिळायला हवं होतं.

नराला मी काढलं नाही. जाळी जवळ नेली तर तो अंड्यांपुढे आडवा आला, माझ्या बोटाला चावला. वाटलं, एक दिवस राहू द्यावं.

१६ तास आधी. सोमवार, दुपारी १

टँग गेला.

१० तास आधी. संध्याकाळी ७

डॅमसेल. त्यानंतर पाऊण तासाने मादी. सहा वर्षं ती माझ्या हातातून खात होती. पाइपच्या तुकड्यात आडवी झाली, तेव्हा तोंड उघडं होतं, कल्ले ताठ फाकलेले.

६ तास आधी. रात्री ११

मोठ्या टाकीत नर अजून वारा घालत होता. पर चार वेळा हलायचे, मग तो थांबायचा, एका कुशीवर कलायचा, सावरायचा, परत चार वेळा. कातडीवर सायीसारखा थर आला होता. अंडी आता शेंदरी राहिली नव्हती. प्रत्येक दाण्यात दोन चंदेरी डोळे दिसत होते. मी जाळी हातात घेऊन बसलो आणि ती पाण्यात घालू शकलो नाही.

शून्य. मंगळवार, पहाटे ५

तो अंड्यांच्या खालीच वाळूवर पडलेला सापडला. आई उठून आली, काही बोलली नाही, पंपाची हवेची नळी अंड्यांजवळ धरून उभी राहिली.

शून्यानंतर १५ तास. रात्री ८

खारून नदीच्या महादेवघाटावर गौरी-गणपतींचं विसर्जन करून आम्ही परतलो. टाकीतला दिवा मालवला. अर्ध्या तासाने अंडी फुटली. या वयाच्या पिल्लांना खायला रोटिफर हे सूक्ष्म जीव लागतात; ते घरात नव्हते, आणि असते तरी ते पाणी त्यांना जगू देणारं नव्हतं. पिल्लं उजेडाकडे ओढली जातात. मी टॉर्च लावला, तशी ती काचेपाशी जमली, पापणीच्या केसाएवढी, सगळी माझ्याकडे तोंड करून.