हृदयाची जखम आणि हौदाचे गणित

शाळेतल्या अंकगणितात हौदाचे एक उदाहरण हमखास असे. एका नळाने हौद इतक्या तासांत भरतो, दुसऱ्याने तितक्या तासांत. तळाची मोरी मात्र उघडी राहिली आहे. तर हौद केव्हा भरेल? या उदाहरणाचा पुढे आयुष्यात उपयोग काय, असा प्रश्न पुष्कळांना पडला असेल. आज ज्या विषयाचा इतिहास मी सांगणार आहे, त्यात याच हौदाचा मोठा वाटा आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर रक्तातील पांढऱ्या पेशी जखमी हृदयाकडे धाव घेतात. त्या किती येतात, केव्हा येतात आणि केव्हा नाहीशा होतात, यावर ते हृदय पुढे कितपत टिकणार हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. हा हिशेब मांडण्याची विद्या दोन निराळ्या उगमांपासून वाहत आली. एक उगम प्रयोगशाळेतला. दुसरा मुंबई शहरातल्या मृत्युनोंदींचा.

पहिला उगम सिसिली बेटावरील मेसिना गावी सापडतो. तेथे १८८२ साली इल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात गुलाबाचा काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला दिसले, की शरीरातील फिरत्या पेशींनी त्या काट्याभोवती वेढा घातला आहे. सूज, लाली, दाह हा केवळ रोगाचा उपद्रव नसून शरीराने आपल्या रक्षणासाठी चालविलेला उद्योग आहे, हा विचार त्याने तेथून पुढे हिरिरीने मांडला. १९०८ साली पाउल एर्लिख यांच्या जोडीने त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

हृदयाच्या बाबतीत हे ज्ञान पोहोचायला अवधी लागला. हृदयाला रक्त पुरविणारी धमनी एकाएकी बंद झाली तरी मनुष्य तत्काळ मरतोच असे नाही, हे शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ साली साधार दाखविले. रोगी वाचतो म्हटल्यावर त्याची जखम भरते कशी, हा प्रश्न ओघानेच आला. १९३९ साली केनेथ मॅलरी, पॉल व्हाइट आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने, झटक्यानंतर कमीअधिक दिवसांनी मृत्यू पावलेल्या ७२ जणांची हृदये सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. आधी पांढऱ्या पेशींची गर्दी होते. मग मेलेले स्नायू हळूहळू उचलून नेले जातात. शेवटी त्या जागी चिवट व्रणाची ऊती तयार होते. लहान जखम भरायला सुमारे पाच आठवडे लागतात, मोठीला दोन महिने. हृदयाच्या जखमेला एक वेळापत्रक आहे, हे यावरून स्पष्ट झाले.

आता दुसऱ्या उगमाकडे वळू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे अनेक वर्षे तो ठाण मांडून बसला. शहरात दर आठवड्याला प्लेगने किती माणसे दगावली, याची नोंद होत असे. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील साप्ताहिक आकडे अँडरसन मॅकेंड्रिक यांच्या अभ्यासाचा विषय झाले. हे गृहस्थ हिंदुस्थानातील वैद्यकीय सेवेत होते. कसौलीच्या पाश्चर संस्थेचे काम त्यांनी पाहिले होते. १९२० साली ते एडिंबरोला परतले. तेथे विल्यम केरमॅक हे रसायनशास्त्रज्ञ त्यांचे सहकारी झाले. १९२४ साली प्रयोगशाळेतील अपघातात केरमॅक यांची दृष्टी गेली होती. तरीही या दोघांनी १९२७ साली साथीच्या रोगांचे जे गणित प्रसिद्ध केले, ते आजही पायाभूत मानले जाते.

त्या गणितात तीन हौद आहेत. एकात रोग होऊ शकेल अशी माणसे, दुसऱ्यात रोगी, तिसऱ्यात बरी झालेली वा मेलेली. एका हौदातून दुसऱ्यात माणसे कोणत्या वेगाने जातात, एवढे ठरविले की साथ कशी चढेल व कशी उतरेल, हे समीकरण सांगते. मुंबईच्या आकड्यांशी त्यांची वक्ररेषा फार चांगली जुळली. सरकारी कचेरीत आकड्यांच्या सहवासात वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला येथे क्षणभर थांबावेसे वाटते. ज्या कारकुनांनी ते आकडे लिहिले, त्यांना आपण विज्ञानाची सामग्री जमवीत आहोत याची पुसटही कल्पना नसेल. त्या आकड्यांपैकी प्रत्येक एकक म्हणजे एका घरातले एक माणूस होते.

परंतु रेषा जुळली म्हणजे कारण कळले, असे मात्र नव्हे. प्लेग उंदीर आणि पिसवा यांच्यामार्फत पसरतो, ऋतूप्रमाणे वाढतो नि ओसरतो. आणि त्या सूत्रात तर सर्व गती वर्षभर कायम धरल्या होत्या. २०१२ साली निकोला बाकाएर या गणितज्ञाने हे वैगुण्य सविस्तर दाखवून दिले. गणित मांडणाऱ्याने हा धडा विसरू नये.

हृदयाच्या उपचारात हिशेबाची गरज किती आहे, ते एका कटू अनुभवाने कळले. कॉर्टिसोनच्या संशोधनाला १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि दाह शमविणारी औषधे हाताशी आली होती. झटक्यानंतर हृदयात दाह होतो, तो आवरला तर हानी कमी होईल, हा तर्क सरळ होता. पण १९७४ आणि १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत, अशी औषधे दिलेल्या काही रोग्यांची जखम उशिरा भरल्याचे, हृदयाची भिंत फुगून पातळ झाल्याचे आणि हानी वाढल्याचे दिसले. सफाई करणाऱ्यांनाच अडविले, तर बांधकाम कोठून होणार?

याचा उलगडा २००७ साली मथियास नारेनडॉर्फ व त्यांच्या बोस्टन येथील सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून केला. जखमी हृदयात पेशींच्या दोन तुकड्या एकापाठोपाठ येतात. पहिली उग्र, मेलेला भाग साफ करणारी. दुसरी सौम्य, नव्या रक्तवाहिन्या व व्रणाची ऊती घडविणारी. २००९ साली याच गटाने दाखविले, की या पेशींचा मोठा साठा प्लीहेत सज्ज असतो आणि तेथून तो हृदयाकडे धाडला जातो.

येथे हौदाचे उदाहरण पुन्हा पुढे येते. २०११ व २०१२ साली टेक्ससमधील सॅन अँटोनिओ येथे यू-फांग जिन, मेरी लिंडसे प्रभृतींनी या पेशींची समीकरणे मांडली. प्रत्येक प्रकारच्या पेशीचा एक हौद. रक्तातून येणाऱ्या पेशी हा नळ, मरणाऱ्या वा निघून जाणाऱ्या ही मोरी. आणि उग्र पेशी सौम्य होते तेव्हा एका हौदाचे पाणी दुसऱ्यात पडते. अवघड भाग निराळाच आहे: येथे हौदातले पाणीच नळाची तोटी फिरविते. उग्र पेशी आणखी पेशींना हाक घालणारी द्रव्ये सोडतात. मेलेल्या पेशी गिळल्यावर भक्षकपेशींचा स्वभाव पालटतो आणि त्या दाह शमविणारी द्रव्ये सोडू लागतात. असा गुंता नुसत्या तर्काने सुटत नाही. तोच उपाय पहिल्या दिवशी घातक आणि पाचव्या दिवशी हितकर का ठरू शकतो, हे समीकरणात ताडून पाहता येते.

प्रत्यक्ष रोग्यांवरील चाचण्यांनीही काळाचे व मात्रेचे महत्त्व अधोरेखित केले आहे. २०१७ साली १०,०६१ रोग्यांच्या चाचणीत दाहाचा एक विशिष्ट संदेश रोखणाऱ्या औषधाने पुन्हा येणारे आघात घटले. पण जीवघेणे संसर्ग वाढले. २०१९ साली ४,७४५ रोग्यांत कोल्चिसिन हे संधिवाताचे जुने औषध उपयोगी ठरले. २०२४ साली ७,०६२ रोग्यांच्या चाचणीत त्याच औषधाचा तसा लाभ आढळला नाही.

समीकरणांनी अद्याप रोग्याच्या खाटेपाशी औषधाची वेळ ठरविलेली नाही. त्यांतील बहुतेक आकडे उंदरांचे आहेत. मनुष्याच्या धडधडत्या हृदयातील पेशी दररोज मोजणे सोपे नाही. म्हणून मुंबईच्या प्लेगचा तो धडा येथेही लागू आहे: आधी प्रामाणिक मोजणी, मग सूत्र, आणि सूत्र जुळल्यावरही त्याची कसून उलटतपासणी. मेचनिकॉफने काट्याभोवती जमलेल्या पेशी पाहिल्या, मॅलरींनी दिवस मोजले, मॅकेंड्रिकांनी हौद मांडले. झटक्यातून वाचलेल्या माणसाची पुढली वर्षे कशी जातील, हे पुष्कळसे पहिल्या काही दिवसांत ठरत असते. आणि त्या दिवसांत शरीराला केव्हा आवरावे व केव्हा त्याच्या वाटेने जाऊ द्यावे, एवढेच या साऱ्या गणिताला शोधून काढायचे आहे.