मुंबईची हरवलेली एकोणचाळीस मिनिटे

दूरस्थ सर्व्हरवर घड्याळ लावणे ही वरवर पाहता निव्वळ तांत्रिक बाब आहे. सर्व्हर कोठे ठेवला आहे, हे आपल्याला बहुधा ठाऊक नसते. तो १ जानेवारी १९७० या दिवसापासूनचे सेकंद जागतिक प्रमाणवेळेने मोजत राहतो. आपल्याला स्थानिक वेळ दिसावी म्हणून त्याला फक्त एका गावाचे नाव सांगायचे असते. भारतासाठी ते नाव 'एशिया/कोलकाता' असे आहे. सोलापूरचा असो वा पणजीचा, प्रत्येकाने हेच नाव निवडायचे. मुंबई या यादीत नाही. ती का नाही, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनीही विचारण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते.

स्थळानुसार वेळ बदलते ही जाणीव आपल्याकडे नवी नव्हती. सिद्धांतग्रंथांनी लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणारी मध्यरेषा मानली होती, आणि त्या रेषेपासून दूर असलेल्या गावासाठी 'देशांतर संस्कार' करण्याची रीत सांगितली होती. एक रेखांश म्हणजे चार मिनिटे, हे गणित पंचांगकर्त्यांच्या नित्य व्यवहारातले होते. पण या गणितात गावाचा सूर्योदय गावाचाच राहत असे. मध्यरेषेच्या आधारे स्थानिक वेळ काढली जाई. ती रद्द करण्याचा प्रश्नच उद्भवत नसे.

रेल्वे आणि तारायंत्र आल्यावर ही व्यवस्था अडचणीची ठरू लागली. मद्रासच्या वेधशाळेची वेळ रेल्वेने स्वीकारली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे होती. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारने हीच वेळ मुंबईतील सरकारी कचेऱ्यांना लागू केली. शहराने ती मनापासून स्वीकारली नाही. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर तेव्हा नुकताच, १८७८ मध्ये, पूर्ण झाला होता. त्यावरील विद्यापीठाच्या घड्याळाने कोणती वेळ दाखवावी, हाही वादाचा विषय झाला. अखेर १८८३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली.

१ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर बेतलेली ही वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे होती. मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटे पुढे. फरक एकोणचाळीस मिनिटांचा. ज्याला भोंग्यावर गिरणीच्या दारात हजर व्हायचे, त्याच्या दृष्टीने हा फरक किरकोळ नव्हता. घड्याळ पुढे सरकवले की सूर्याच्या हिशेबाने पाऊण तास आधी उठणे आले. त्या जानेवारीतच गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम बंद केले. वंगभंगाला जेमतेम काही महिने झाले होते, स्वदेशीचे वारे वाहत होते. अशा वेळी वरून आलेली ही आज्ञाही लोकांना त्याच मालिकेतली वाटली, तर नवल नाही. महानगरपालिकेनेही पुढे मुंबईची वेळच कायम ठेवली.

मग जवळजवळ अर्धे शतक या शहरात दोन वेळा नांदल्या. रेल्वे आणि तार यांची एक, पालिकेची व अनेक घरांची दुसरी. गाडी पकडायची तर घरच्या घड्याळात एकोणचाळीस मिनिटे मिळवायची. स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात, मुंबईची वेळ अखेर मावळली. कलकत्त्यानेही स्वतःची वेळ १९४८ पर्यंत सांभाळली होती.

आता पुन्हा त्या यादीकडे वळू. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेल्या या कालविभाग-नोंदींचा एक नियम आहे: १९७० नंतर ज्या गावांची घड्याळे सारखी चालली, त्यांना एकच नोंद पुरते. नियम व्यवहार्य आहे. आजच्या सर्व्हरला त्याहून अधिक काही नको असते. पण या नोंदीत १९७० पूर्वीचा तपशीलही आहे, आणि तेथे गफलत होऊ शकते. १८७० ते १९०५ या काळासाठी ती मद्रासची वेळ दाखवते, म्हणजे मुंबईने १८८३ मध्ये परत पाठवलेली वेळ! १९०६ पासून थेट प्रमाणवेळ. ज्या कोलकात्याचे नाव नोंदीला आहे, त्याची १९४८ पर्यंतची वेळदेखील तीत नाही.

जुनी वृत्तपत्रे, रोजनिश्या, पत्रव्यवहार यांचे संगणकीकरण होत असताना हा मुद्दा केवळ कुतूहलाचा राहत नाही. समजा, १९१० मधील एखाद्या मुंबईकराने रोजनिशीत 'सकाळी आठ' असे लिहिले. तो मुंबईची वेळ पाळत असेल, तर तेव्हा ग्रिनिचला पहाटेचे तीन वाजून नऊ मिनिटे झाली होती. संगणकाला 'कोलकाता' सांगितले, तर तो अडीच म्हणेल. त्याच दिवशीच्या तारेशी ही नोंद ताडून पाहणाऱ्याला घटनांचा क्रमच उलटा दिसू शकतो. आणि यंत्राने काढलेले उत्तर असल्याने त्यावर कोणी शंकाही घेणार नाही.

पाठचिकित्सेत आपण शब्दाचा काळ आणि प्रदेश पाहतो. घड्याळाच्या आकड्यालाही तीच चिकित्सा लावावी लागेल: ही वेळ कोणाची? रेल्वेची, पालिकेची, की लिहिणाऱ्याच्या ओसरीवरच्या उन्हाची? संपादकाने मूळ आकडा जसाच्या तसा जतन करावा, आणि रूपांतर केलेच तर ते कोणत्या वेळेच्या आधारे केले, हे शेजारी नोंदवावे. सर्व्हरला 'कोलकाता' सांगण्यावाचून आज आपल्याला गत्यंतर नाही. जुन्या मुंबईच्या कागदांवर मात्र देशांतर संस्कार आपल्यालाच करावा लागेल.