पडद्यावरची मोहिनी रंगमंचावर यावी का?

१/ किशोरवयीनांचा संगीतपट रंगमंचावर आणावा का? नाशिकच्या इतिहासात हा प्रवास आधी उलट दिशेने झाला.

२/ १९१३. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती पुरुषाने साकारली होती. त्यानंतर दादासाहेब फाळके नाशिकला आले व त्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ निर्मिला. मोहिनी झाली सुमारे १३ वर्षांची कमला, पुढे कमलाबाई गोखले. पार्वती झाल्या तिच्या आई दुर्गाबाई कामत. भारतीय पडद्यावरील या पहिल्या अभिनेत्री रंगभूमीवरूनच आल्या.

३/ परंतु मूकपटाने त्या मुलीची मुद्रा टिपली, आवाज नाही. संगीत नाटकाचा प्राण पडद्याबाहेरच राहिला.

४/ १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ने मराठी पडद्याला वाणी दिली. गाणे तिकडे गेले, त्यामागून प्रेक्षक गेले. अनेक नाटक मंडळ्या मोडल्या.

५/ तरीही १९६४ मध्ये नाशिकच्या वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ जितेंद्र अभिषेकींच्या संगीतासह गाजले. समोर बसून गाणे ऐकण्याची ओढ संपली नव्हती.

६/ म्हणून संगीतपट रंगमंचावर जरूर यावा. अट एकच, मुलांनी स्वतः गावे. ध्वनिमुद्रणावर नुसते ओठ हलले, तर रंगमंचावरही मूकपटच दिसेल.