गर्भावस्थेतील करोना-संसर्ग

कोविड-१९ ची साथ २०१९ च्या अखेरीस उद्भवली, तेव्हा गर्भवतींविषयीची स्वतंत्र माहिती जवळजवळ नव्हतीच. पुढे मात्र असे निश्चित झाले की, बाधित गर्भवतीस त्याच वयाच्या इतर बाधित स्त्रियांच्या मानाने अतिदक्षता विभागात दाखल करावे लागण्याचा संभव अधिक असतो, आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचे प्रमाणही वाढते. मातेकडून गर्भाकडे विषाणूचे संक्रमण क्वचितच घडते. पॅरिसनजीकच्या एका इस्पितळात मार्च २०२० मध्ये जन्मलेल्या अर्भकाच्या बाबतीत, वारेतील विषाणूंचे प्रमाण मातेच्या रक्तातल्याहून पुष्कळच अधिक आढळल्याने, ते सप्रमाण दाखविता आले. याहून भयावह प्रकार वारेच्या दाहाचा : तिच्या अंकुरांभोवती फायब्रिन साचून रक्तपुरवठा खुंटतो आणि, अर्भकास संसर्ग न होताही, ते उदरातच दगावू शकते. बहुतेक बाधित नवजातांत लक्षणे सौम्य असतात. आरंभी अनेक ठिकाणी बाळास जन्मतःच मातेपासून दूर ठेवण्याची तजवीज झाली, ती खबरदारी म्हणून क्षम्य असली तरी माता व बाळ दोघांनाही क्लेशकारक होती. जागतिक आरोग्य संघटनेने मुखपट्टी बांधून व हात धुऊन स्तनपान चालू ठेवण्याचाच सल्ला दिला. भारत सरकारने गर्भवतींच्या लसीकरणास २ जुलै २०२१ रोजी मंजुरी दिली; लसीमुळे मातेच्या रक्तात निर्माण होणारी प्रतिपिंडे वारेतून गर्भास मिळतात.