मोटारीच्या एरियलची गोष्ट

मोटारीच्या बॉनेटशेजारी उभी असलेली ती बारीक, चकचकीत काठी आता फारशी दिसत नाही. अँटेना हा शब्द आपल्याकडे टीव्हीबरोबर रुळला. त्याआधी गॅरेजमध्ये तिला सगळे एरियलच म्हणत. माझ्या उमेदीची बरीच वर्षे मोटारींत रेडिओ बसवण्यात गेली. त्या अनुभवावरून एक सांगतो. रेडिओ कितीही भारी असो, एरियल जेवढे पकडील तेवढेच तो ऐकवणार. आणि एरियलने किती पकडायचे, हे पहिल्यापासून मोटारीच्या पत्र्याने ठरवले आहे.

१९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी मोटारीत रेडिओ बसवला. अटलांटिक सिटीत रेडिओ उत्पादकांचा मेळावा भरला होता. त्याच्या बाहेर त्यांनी गाडी उभी केली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना तो ऐकवला. त्या रेडिओचे नाव मोटोरोला. पुढे ते कंपनीलाच चिकटले.

त्या काळच्या बहुतेक मोटारींचे छत पूर्ण पत्र्याचे नसे. मधला भाग लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या जाड कापडाचा असे. कापडातून आणि लाकडातून रेडिओच्या लहरी सहज आत येतात, पत्र्यातून येत नाहीत. त्यामुळे छताच्या अस्तरात तारेची जाळी घातली की काम भागे. मग जनरल मोटर्सने १९३५च्या मॉडेलांना अखंड पोलादी छत दिले. गाडी मजबूत झाली, पण जाळी निकामी झाली. एरियल गेले दाराखालच्या फुटबोर्डाच्या खाली. तिथे चिखल उडे, दगड लागत आणि वर सगळा पत्रा आडवा येई. शेवटी त्या दशकाच्या अखेरीस ते पत्र्याबाहेर, मोकळ्या हवेत उभ्या काठीच्या रूपात आले. याचा उलटा दाखलाही आहे. १९५३च्या शेवरलेट कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची होती. तिथे एरियलची जाळी डिकीच्या झाकणातच दडवता आली आणि काठीची गरज उरली नाही.

आपल्याकडे अ‍ॅम्बेसेडर आणि फियाटचा जमाना होता. रेडिओ बहुधा बाहेरून घेऊन बसवायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली ही आमची बाजारपेठ. रेडिओ ऐकायला पोस्टातून परवाना काढावा लागे तो हा काळ. ‘खरखर फार येते’ म्हणून गिऱ्हाईक आले की त्याला रेडिओच बदलायचा असे. मी आधी एरियल पाहत असे.

पहिले काम अर्थिंग. एरियलच्या बुडाखालचा रंग पार खरवडून पत्रा उघडा करायचा आणि नट घट्ट आवळायचा. तिथे गंज धरला असेल तर केबलची बाहेरची जाळी बॉडीला नीट जोडली जात नाही. मग तिचे आडोशाचे काम संपते आणि स्पार्क प्लगची टकटक सरळ रेडिओत शिरते. दुसरे काम केबलचे. मुंबई ‘ब’ केंद्र ५५८ किलोहर्ट्झवर लागे. त्याची लहर होते सुमारे ५३७ मीटर लांब. तिच्यापुढे आपली मीटरभर काठी म्हणजे एक चिमुकला कंडेन्सर. साधी केबल लावली तर निम्म्याहून जास्त सिग्नल तीच गिळून टाकते. म्हणून मोटारीच्या एरियलची केबल वेगळी असते. आत केसासारखी तार आणि भोवती बरीचशी हवा. टीव्हीची केबल जोडून एरियल मागच्या डिकीवर हौसेने नेले की मीडियम वेव्ह हमखास मंदावे. तिसरे काम ट्रिमरचे. रेडिओवर एरियलच्या खाचेजवळ एक बारीक स्क्रू असे. १४०० किलोहर्ट्झच्या आसपास एखादे क्षीण केंद्र लावायचे आणि आवाज सर्वांत मोठा होईपर्यंत तो हळूहळू फिरवायचा. एवढ्याने कित्येक ‘बिघडलेले’ रेडिओ बोलते झाले.

एफएमचे गणित निराळे. तिथे लहर साधारण तीन मीटरची. तिचा चौथा हिस्सा म्हणजे ७५ सेंटीमीटर, जवळपास काठीएवढाच. त्यामुळे २००१ साली बंगळुरूत पहिले खासगी एफएम केंद्र सुरू झाले आणि पाठोपाठ इतर शहरांत ही लाट आली, तेव्हा जुन्या काठ्या अगदी चपखल बसल्या. पण एफएम जवळजवळ सरळ रेषेत चालते. खंडाळ्याच्या घाटात डोंगर आडवा आला की ते तुटते. मीडियम वेव्ह जमिनीला धरून दूरवर जाते, रात्री तर शेकडो किलोमीटर.

काठी गेली ती दिसण्यापायी. १९६९च्या पॉन्टिअ‍ॅक ग्रां प्रीमध्ये एरियलची तार पुढच्या काचेत बसवली होती. पुढे छतावरचे बोटभर शेपूट आले, मग माशाच्या पंखासारखा उंचवटा. आखूडपणाची भरपाई बुडाशी बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर करतो. तो सिग्नलबरोबर खरखरही वाढवतो. शहरात हे खपून जाते, कारण केंद्र जवळ असते. दूरचे क्षीण केंद्र मात्र हरवते.

हरवले तर काय बिघडले, असे कुणी विचारील. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री मी सायनजवळ अडकलेल्या मोटारींच्या रांगेत होतो. मोबाइल लागत नव्हते. माझ्या गाडीत रेडिओ चालू होता आणि काच खाली करून मागचेपुढचे लोक ऐकत उभे होते. २०२३ साली अमेरिकेत हाच वाद पेटला. विजेवरच्या मोटारींतली यंत्रणा मीडियम वेव्हमध्ये खरखर करते, म्हणून काही कंपन्यांनी ती पट्टीच काढून टाकली. फोर्डही नव्या गाड्यांतून ती काढणार होती. संकटकाळी सूचना कशा पोहोचणार, असा सवाल उठला आणि त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने निर्णय मागे घेतला. खरखरीवर इलाज आहे, तो म्हणजे आडोसा, फिल्टर आणि नीट अर्थिंग. १९३०च्या दशकात स्पार्क प्लगच्या खरखरीवरही असाच उपाय शोधला गेला होता. प्रश्न खर्च कुणी करायचा एवढाच होता.

म्हणून गाडी घ्याल तेव्हा शहराबाहेर नेऊन रेडिओ लावून पाहा. जुनी गाडी असेल तर काठी कापू नका. तिच्या बुडाखालचा गंज तेवढा खरवडा.